सहीचं वजन

ती. साडूभाऊंच्या चरणी (डावा गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्यानेच) नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमची प्रकृती कशी आहे हे विचारायचीही रीत आहे, पण ती उत्तम असणार हे मला ठाऊक आहे. तुमचं सगळंच उत्तम असतं. तुमचे दात स्वतःचे, केस स्वतःचे, आणि साठी जवळ आली तरी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं तुम्ही चष्म्याशिवाय वाचता, हे आमच्या घरात मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवलं जातं. (बाटली आमची, दुखणं आमचं, कौतुक तुमचं.) ताईंची पाठ आता कशी आहे? आमच्या हिच्याकडून कळेल तेवढंच मला कळतं. या दोघी बहिणी फोनवर बोलायला लागल्या की आमची ही स्वयंपाकघराचं दार लोटून घेते, आणि बाहेर आल्यावर काय म्हणाल्या ताई असं विचारलं तर काही नाही, असंच, म्हणते. पाऊण पाऊण तास असंच बोलता येणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून हेवा वाटतो.

तीन वर्षांनी याचं पत्र आलं, तेही पोस्टाने, म्हणून तुम्ही पाकीट उलटसुलट करून पाहिलं असेल. ई-मेल का केली नाही याला कारण आहे, ते पुढे येईल. तीन वर्षं का लिहिलं नाही याचं कारण तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि त्या दिवशी सासरेबुवांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला जमलेल्या चाळीस माणसांनाही माहीत आहे. तो विषय मी या पत्रात काढणार नाही. या पत्राचा विषय माझी सही हा आहे.

आमचा कारखाना वजनकाट्यांचा. मी तिथे बावीस वर्षं तक्रार विभाग सांभाळतो. तक्रार विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक कपाट आणि पंख्याखाली नसलेली एक खुर्ची. दुकानदार लिहितो की काटा कमी दाखवतो, गिऱ्हाईक लिहितं की जास्त दाखवतो, आणि पुष्कळदा तो एकच काटा असतो. मी दोघांनाही नम्रपणे उत्तर देतो. पूर्वी कागदावर द्यायचो, आता ई-मेलवर देतो, पण खाली बावीस वर्षं तेच: आपला विश्वासू, नाव, तक्रार विभाग. संगणकावर या शेवटच्या मजकुराला सही म्हणतात. एकदा लिहून ठेवली की ती प्रत्येक पत्राखाली आपोआप येते. मला ती पुरेशी वाटत होती. पोटभर जेवलेल्या माणसाला शेजारचं ताट दिसेपर्यंत आपलं जेवण पुरेसंच वाटतं.

शेजारचं ताट म्हणजे आमच्या परदेश विभागात नव्याने आलेले गृहस्थ. त्यांना आम्ही 'सुबक' म्हणतो. (म्हणजे मी म्हणतो. बाकीचे साहेब म्हणतात.) त्यांच्या शर्टाला दुपारी चार वाजताही इस्त्री असते. त्यांच्या टेबलावर एकही कागद नसतो. त्यांच्या टेबलावर कागद नसला की काम वेळेत संपलं असं सगळे समजतात, आणि माझ्या टेबलावर नसला तर हरवला असं समजतात. तर या सुबकांनी आपल्या सहीत स्वतःचा फोटो घातला. डाव्या बाजूला छोटासा, गोल, मागे हिरवी पानं, आणि चेहऱ्यावर हसू इतकं मोजून की त्याहून एक गुंज जास्त झालं असतं तर ते हसू झालं असतं. सोमवारच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी ती सही भिंतीवर मोठी करून दाखवली आणि म्हणाले, बघा, याला म्हणतात सहीला वजन. आमच्या कारखान्यात याहून मोठी शाबासकी नाही. आमच्याकडे बोलण्याला वजन असतं, ठरावाला वजन असतं, आणि ज्याचा रजेचा अर्ज त्याच दिवशी मंजूर होतो त्या माणसालाही वजन असतं. मला फार आनंद झाला, असं मी सुबकांना स्वतः जाऊन सांगितलं. मग माझ्या खुर्चीवर येऊन बसलो आणि एका गरीब दुकानदाराला इतकं खरमरीत उत्तर लिहिलं की पाठवण्याआधी मलाच ते तीनदा मऊ करावं लागलं.

जळतो म्हणजे नेमकं कुठे जळतो हे मला अजून कळलेलं नाही. लोक पोटात दुखतं म्हणतात, मला मानेत दुखतं. संध्याकाळी घरी गेलो तो ताठ मानेने, कारण ती वळतच नव्हती, आणि फोटोंचा डबा काढून बसलो. आमची ही म्हणाली, आज काय एकदम? मी म्हटलं, कचेरीचं काम आहे. साडूभाऊ, त्या डब्यात बावन्न वर्षांचा मी आहे, आणि त्यातला एकही मी दाखवण्यासारखा नाही. ओळखपत्रावर मी नुकताच पकडला गेल्यासारखा दिसतो. लग्नातल्या फोटोत डोळे मिटलेले आहेत. (आमची ही म्हणते, ते शेवटचे मिटलेले, तेव्हापासून उघडेच आहेत.) सहलीच्या फोटोत मी आहे, पण तो काढणारा मी असल्यामुळे फक्त सावली आली आहे. शेवटी लेकीने तिच्या फोनमधून एक फोटो काढून दिला. म्हणाली, बाबा, यात तुम्ही छान दिसता. आणि खरोखरच दिसत होतो. खांदे सरळ, चेहरा मोकळा, हसणं चक्क खरं. मी विचारलं, हा कुठला? ती म्हणाली, आजोबांच्या वाढदिवसाचा, काका शेजारी आहेत ना, तो. मी अर्धा मिनिट फोटो पाहिला होता आणि तुम्ही दिसलाच नव्हता. माझा चांगला फोटो पाहायची सवय नसल्यामुळे माझं लक्ष बाकी कुठे गेलंच नाही.

आता विषय निघालाच आहे तर त्या दिवसाबद्दल दोन ओळी लिहितो. मी सासरेबुवांना आमच्या कारखान्याचा उभं राहून वजन करायचा काटा दिला होता, उत्तमातला, काचेचा. ते त्यावर उभे राहिले, आकडा पाहिला, आणि हा जास्त दाखवतो म्हणून उतरले. (बावीस वर्षांतली मला तोंडी मिळालेली एकमेव तक्रार.) मग तुमची आरामखुर्ची आली. ते तिच्यात जे बसले ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत, आणि माझा काटा कोणीतरी दाराला टेकण म्हणून लावला. अशा वेळी फोटोवाल्याने दोन्ही जावई जवळ या म्हटलं, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात, त्याने बटण दाबलं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, साडूभाऊ, हात काढा, वजन होतंय. तुम्ही हसलात. हात काढलात. जेवायला न थांबता गेलात. बास, दोन ओळी म्हटल्या होत्या त्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो सहीत घातला. कोणाला विचारलं नाही. विचारलं की कळतं, आणि कळलं की सुबकांपर्यंत जातं. लेकीने कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या: सेटिंग उघडा, सही शोधा, चित्राच्या खुणेवर टिचकी मारा, फोटो निवडा. चारही पायऱ्या मी बिनचूक चढलो आणि फोटो आला. तो सबंध पडदाभर आला. मला वाटलं, माझा पडदा लहान आहे म्हणून तसं दिसतंय. त्याच सहीने मी सकाळच्या अकरा तक्रारींना उत्तरं पाठवली. तीन ओळींचं उत्तर, आणि त्याखाली आपण दोघे, जवळजवळ खऱ्या मापाचे. एका दुकानदाराचं लगेच उलट टपाल आलं की फोटो मिळाला, दोघेही छान दिसता, काटा कधी दुरुस्त होणार.

दुपारी संगणक विभागातून मेल आली. तो विभाग म्हणजे जिन्याखालच्या थंड खोलीत बारा महिने स्वेटर घालून बसणारी एक मुलगी. तिने लिहिलं होतं, तुमच्या सहीचं वजन फार आहे. एवढंच. मी ते वाक्य चारदा वाचलं. मोठ्या साहेबांनी सुबकांच्या सहीला नुसतं वजन आहे म्हटलं होतं, माझ्या सहीचं फार होतं. मी त्या मेलचा छापील कागद काढून टेबलाच्या काचेखाली, दाराकडून येणाऱ्याला सरळ वाचता येईल असा लावला. सुबक पाणी प्यायला जाताना थांबले, त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि अभिनंदन म्हणाले. मी म्हटलं, चालायचंच. मान त्या क्षणी मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी तिची पुन्हा मेल आली, वजन अजून तसंच आहे. मी तिला उलट लिहिलं की आपल्यासारख्यांच्या सदिच्छा असल्यावर ते कमी होण्याचं कारण नाही. तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं, आज वजन कमी केलं नाहीत तर तुमची सही बंद करावी लागेल. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझं वजन कोणाला तरी खुपलं होतं, आणि कोणाला ते काय मला सांगायला हवं होतं? खिडकीतून परदेश विभागाकडे एक जळजळीत नजर टाकून मी जिन्याखाली उतरलो.

त्या मुलीने मला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. चित्राला संगणकातही वजन असतं, तिने त्याचं नावही सांगितलं, केबी की काहीतरी. सहीतल्या चित्राचं वजन चाळीसच्या आत हवं, तसं परिपत्रक निघालं होतं. (परिपत्रकं मी न वाचता फाइलला लावतो, हे माझं काम आहे.) माझं चार हजार होतं. मर्यादेच्या शंभर पट. माझ्या प्रत्येक उत्तराबरोबर लोकांच्या टपालाच्या पेट्या तुंबत होत्या, आणि एका दुकानदाराचा फोन तर कायमचा बंद पडला होता. बावीस वर्षं मी लोकांना लिहीत आलो की आमचा काटा चुकत नाही, आपण त्यावर काय ठेवलंत ते पाहावं. आज तेच वाक्य मला एक स्वेटर घातलेली मुलगी वेगळ्या शब्दांत सांगत होती. मी वर आलो आणि काचेखालचा कागद काढला. काचेखाली त्याच्या कडेची धूळ राहिली ती अजून पुसली जात नाही.

वजन मी स्वतःच कमी करणार असं तिला ठणकावून सांगितलं होतं. फोटोचा कोपरा धरून आत ओढला. आपण दोघे काडेपेटीएवढे झालो. वजन चार हजारच. तिने फोनवर सांगितलं की लहान दिसलं म्हणून वजन कमी होत नाही, हत्ती लांब उभा केला म्हणून हलका होतो का? मग मी चुकून एकच बाजू आत ओढली आणि दोघे एकदम सडपातळ झालो. ते मला आवडलं, म्हणून एक दुपारभर तसंच ठेवलं. शेवटी तिलाच शरण गेलो. तिने विचारलं, या दोघांतले तुम्ही हे ना, मग शेजारचे ठेवायचे की काढायचे? मी म्हटलं, काढा. हे मी तुम्हाला लपवून ठेवू शकलो असतो, पण लपवत नाही. तिने तुम्हाला कापलं, उरलेला मी दाबून बारीक केला, आणि वजन अडतीस भरलं. मर्यादेत. फोटो सुरेख आला. फक्त तुमचा हात राहिला. माझ्या उजव्या खांद्यावर, मनगटापर्यंत, घड्याळासकट. ती म्हणाली, तेवढं चालतं हो, लक्षात येत नाही.

लक्षात आलं. सगळ्यात आधी शिपायाच्या आलं. मग टपाल विभागाच्या, मग कॅन्टीनच्या. मला आता कोणी नमस्कार करत नाही, हात कोणाचा, असं विचारतात. एका गिऱ्हाइकाने तक्रारीच्या शेवटी लिहिलं की आपल्यामागे कोणी आहे, काळजी घ्यावी. गुरुवारी स्वतः मोठे साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बावीस वर्षांत ते माझ्या टेबलावरून पुढे गेले आहेत, थांबलेले मला आठवत नाहीत. मी उठून उभा राहिलो. ते म्हणाले, तुमच्या सहीतला तो हात कोणाचा हो? घड्याळ फार छान आहे. आणि गेले. साडूभाऊ, तुम्ही शंभर मैलांवर बसला आहात, तुम्हाला कापून टाकलं आहे, आणि तरी माझ्याच सहीत, माझ्याच साहेबांकडून कौतुक तुमचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात तुमचा आणि अवलक्षण माझं.

मी ठरवलं, हात काढून टाकायचा. जिन्याकडे निघालो, तर वाटेत सुबक भेटले. म्हणाले, तुमची सही रोज बघतो मी. मी मान आखडायच्या तयारीत. ते म्हणाले, कोण आहेत ते? मी म्हटलं, साडू. ते म्हणाले, माझा फोटो मीच काढलाय, हात लांब करून. पानं आहेत ना मागे, ती जिन्यातल्या कुंडीची. दुसरं कोणी नव्हतं काढायला. एवढं बोलून शर्टाची बाही सारखी करून ते निघून गेले. त्यांच्यावर मी तीन आठवडे जळत होतो आणि मोठ्या कष्टाने ते जमवलं होतं. ते त्यांनी एका मिनिटात फुकट घालवलं.

तरी मी जिना उतरलो. (निघाल्यावर परत फिरणं माझ्या स्वभावात नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत?) मुलीने हात पुसला. हाताच्या जागी माझ्याच कोटाचा थोडा रंग आणून लावला. काम सफाईचं होतं, खोट काढायला जागा नव्हती. पण फोटो बिघडला. खांदा उतरला, आणि तो माणूस कशाला हसतोय ते कळेना. मला वाटलं होतं की त्या दिवशी मी फोटोवाल्याकडे पाहून हसत होतो. तसं नव्हतं, साडूभाऊ. मुलगी म्हणाली, आता वजन एकतीस भरतं. म्हणजे तुमच्या हाताचं वजन सात. चार हजारांत सात. मी त्या थंड खोलीत स्टुलावर बसून राहिलो आणि मला फार वाईट वाटलं. चाळीस माणसांत मी ज्याचं वजन होतंय म्हणालो होतो, ते एवढंच होतं. वजनकाट्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाने निदान ठेवलेलं मोजून तरी बोलायला हवं होतं. मी तिला म्हटलं, परत घाला. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, हात परत घाला, अडतीस चालतं ना आपल्याला.

तर सध्या माझी सही हातासकट आहे. आता ई-मेल का केली नाही ते तुमच्या लक्षात आलं असेल. केली असती तर खाली सही आली असती, आणि पत्र मिळणाऱ्याचाच हात पत्र पाठवणाऱ्याच्या खांद्यावर दिसला असता. तीन वर्षं न बोलणाऱ्या माणसांत ते बरं दिसत नाही.

ताईंना नमस्कार. पाठ शेकत जा म्हणावं. आमची ही नमस्कार सांगते. (मी पत्र लिहितोय हे तिला माहीत नाही, पण माहीत असतं तर सांगितला असता.)

आपला विश्वासू (बावीस वर्षांची सवय),
धाकटा साडू

ता. क. – वरचं पत्र निव्वळ माहितीसाठी आहे. माझं मागणं काही नाही.

ता. क. २ – सासरेबुवा येत्या रविवारी त्र्याऐंशी पूर्ण करतात. ते हल्ली रोज सकाळी माझ्या काट्यावर उभे राहतात आणि हा बरोबर दाखवतो म्हणतात, तुमची खुर्ची मात्र करकरते असं ऐकलं. ते एक असो. फोटोवाला तोच सांगितला आहे, अकराला येईल. जेवायला थांबायच्या बेताने या. मी तुमच्या डाव्या हाताला उभा राहीन, उजवा खांदा मोकळा आहे, आणि तुम्ही हात काढेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. दोघी बहिणींना स्वयंपाकघराचं दार लोटून न घेता बोलता येईल.

ता. क. ३ – घड्याळ तेवढं घरी ठेवून या. वजन होतं.